शंभरात दोन



अंक दोन महिने उशिरा हातात पडतो आहे. माफी मागत नाही. या पावसाळ्यात गोदीला जहाजं कमी लागली, कंत्राटदाराने महिन्याला चौदा-पंधरा पाळ्याच दिल्या, आणि आपल्या अंकाचा कागद माझ्या नि आणखी तिघांच्या पाळीतून निघतो हे तुम्हाला ठाऊक आहे. कविता भरपूर आल्यात. त्यातल्या निम्म्या सूर्यावर आणि ज्वालामुखीवर आहेत. त्यावर पुढल्या खेपेला भांडू.

या खेपेला भांडण यादीशी आहे.

झालं असं. दुसऱ्या पाळीला होतो. खताचं जहाज लागलेलं. पन्नास किलोचं पोतं ट्रकात थरावर थर लावायचं काम. खताची भुकटी घामात मिसळली की मान चरचरते, डोळे चोळायची सोय नसते. तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन. ती जालना जिल्ह्यात मायजवळ असते. तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. झाली. आमच्या घरात, आमच्या भावकीत, आमच्या गल्लीत पहिली. म्हणाली, "दादा, एम.ए. कुठं करू?" मी म्हटलं, "औरंगाबादला कर. आपलं विद्यापीठ आहे." ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "सर म्हणतात, तिथं करून काय उपयोग. यादीत बघ म्हणतात कुठं आहे ते. पुणं तिसरं आलं होतं म्हणतात."

मुकादम ओरडला म्हणून फोन ठेवला. पण पाळी संपेपर्यंत डोक्यात तेच. यादीत बघ. आपल्या माणसाला आयुष्यभर कुणी ना कुणी हेच सांगत आलं आहे. रेशनच्या यादीत बघ, घरकुलाच्या यादीत बघ, हजेरीच्या यादीत बघ. आता पोरीनं शिकायचं ठरवलं तर तिथंही एक यादी टांगलेली आहेच.

मी मॅट्रिक आहे. रात्रशाळेचा. अकरावीचा फॉर्म भरला होता, फी भरायच्या दिवशीच पाळी लागली, पाळी केली. युनिव्हर्सिटीचं दर्शन मी बाहेरूनच घेतलेलं. बॅलार्ड पिअरकडून चालत फोर्टात गेलं की राजाबाई टॉवर दिसतो. २८० फूट उंच. १८७८ साली पुरा झाला. प्रेमचंद रायचंद नावाच्या शेठने पैसे दिले आणि आपल्या आईचं नाव लावलं. शेठचा पैसा कापसाचा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तिकडचा कापूस थांबला, विलायतेच्या गिरण्यांना इकडचा कापूस लागला, आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. कापसाच्या त्या गाठी बंदरावर ज्यांनी उचलल्या त्यांच्या आईचं नाव कुठल्या टॉवरला नाही. एवढं सांगून पुढं जातो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा हमाल प्रत्येक गोष्टीत हमालच आणतो.

तर यादी. वाचनालयात बसून, एका मित्राला मदतीला घेऊन, मी ती समजून घेतली. तीन रविवार गेले. जे कळलं ते सांगतो.

केंद्राचं शिक्षणखातं २०१६ पासून दरवर्षी देशातल्या संस्थांची क्रमवारी काढतं. एन.आय.आर.एफ. म्हणतात तिला. २०२४ पासून राज्य सरकारांच्या विद्यापीठांची यादी वेगळी निघू लागली. त्या पहिल्या यादीत चेन्नईचं अण्णा विद्यापीठ एक नंबर, कोलकात्याचं जादवपूर दोन, आणि आपलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ तीन. २०२५ ला जादवपूर एक, अण्णा दोन, चंदीगडचं पंजाब विद्यापीठ तीन. पुणं पहिल्या तिनातून गेलं. मला प्रश्न पडला, बारा महिन्यांत काय झालं? पुण्याची दगडी इमारत खचली का? प्राध्यापक अडाणी झाले का? सरांनी बहिणीला सांगितलेला नंबर तर तोपर्यंत शिळा झाला होता. पण शिळ्या नंबरावरही पोरीचं मन मोडता येतं.

आता मार्कांचा हिशेब बघा. विद्यापीठांसाठी शंभर मार्क. शिकवणं आणि साधनं, ३०. संशोधन, ३०. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांचा निकाल, २०. पोहोच आणि सर्वसमावेशकता, १०. आणि शेवटी 'लोकमत', म्हणजे इतर विद्वान आणि नोकऱ्या देणारे तुमच्याबद्दल काय समजतात, त्याला १०.

सर्वसमावेशकता हा शब्द वाचून मी जरा सरसावून बसलो. म्हटलं, आपण इथं असणार. दहात आपण कुठं? तर त्या दहाचेही तुकडे आहेत. परराज्यातून आणि परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांचे तीन. बायांचे तीन. अपंगांच्या सोयींचे दोन. आणि आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागे राहिलेल्यांचे दोन. शंभरात दोन. तेही किती पोरं शिकून वर आली यावर नाही, पदवीला किती जणांना पूर्ण फी परत मिळाली या टक्क्यावर.

पुन्हा वाचा. गडचिरोलीच्या जंगलातून, घरात कुणी पाटीला हात लावलेला नाही अशी माडिया पोरगी उठते आणि गोंडवाना विद्यापीठात येते. ती दोन मार्कांच्या खात्यात. दिल्लीच्या बड्या साहेबाचा पोरगा हवापालट म्हणून पुण्यात येतो. तो तीन मार्कांच्या खात्यात. दोघं किती अंतर चालून आले? यादी म्हणते, दिल्ली लांब आहे.

मी म्हणत नाही की दिल्लीच्या पोराने येऊ नये. येऊ दे. पण गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं २०११ साली, गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांच्या पोरांना नागपूरची वारी करावी लागू नये म्हणून. त्याचं कामच मुळी घराजवळ शिक्षण नेणं हे. आणि त्याला मार्क मिळणार लांबून येणाऱ्यांचे! ज्या कामासाठी माणूस नेमला ते काम केल्याबद्दल हजेरी कापायची, हा हिशेब मी फक्त कंत्राटदाराकडे पाहिला होता.

आणि शर्यत एकाच रेघेवरून सुरू झाली असं दाखवतात हीच पहिली लबाडी. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. कलकत्ता, मद्रासबरोबर इंग्रजांनी काढलेलं. कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६, नागपूर १९२३, पुणे १९४९, मराठवाडा १९५८, शिवाजी १९६२, अमरावती १९८३, जळगाव १९९०, नांदेड १९९४, सोलापूर २००४. गोंडवाना येईस्तोवर मुंबईने १५४ वर्षं पळून घेतलेलं. मुंबईच्या पाठीशी बंदर, गिरण्या, शेठ. मराठवाड्याच्या पाठीशी निजामी आणि दुष्काळ. सगळ्यांना एका शिडीच्या पायऱ्यांवर उभं करायचं आणि खालच्याला म्हणायचं, तुझ्या लायकीने तू खाली आहेस. लायकी हा शब्द आपल्याला नवा नाही. वर्णाच्या शिडीवर उभं करून हाच शब्द कानात ओतलेला आहे.

शिकवण्याच्या तीस मार्कांत विद्यार्थ्यांमागे कायम शिक्षक किती, त्यात पीएच.डी. झालेले किती, खर्चाला पैसा किती, हे धरतात. धरू दे. शिक्षक असलाच पाहिजे. पण आपल्या राज्यात जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवल्या जातात आणि काम तासिका तत्त्वावर चालतं. माझ्या ओळखीचा एक पोरगा नेट-सेट दोन्ही पास, पीएच.डी. झालेला. एका कॉलेजात तासावर शिकवतो. तास घेतला तर पैसे, सुटी आली तर उपास, उन्हाळ्यात घरी. मी त्याला म्हटलं, "सर, तुम्ही पण पाळीवालेच की." तो हसला, पण हसणं काही खरं नव्हतं. जागा भरायला मंजुरी देणार राज्य सरकार, ते देत नाही. मार्क कापणार केंद्र, ते कापतं. आणि मान खाली घालायची कुणी? ज्याच्या हातात त्या विद्यापीठाची पदवी आहे त्याने.

निकालाच्या वीस मार्कांनी तर मला वैयक्तिक घाव घातला. ठरलेल्या मुदतीत किती जण पास झाले, त्यावर मार्क. तीन वर्षांची पदवी तीन वर्षांत. आता माझ्यासारखा एखादा दिवसा पोती उचलतो, मध्येच बाप आजारी पडतो, एक वर्ष गॅप जातो, पाचव्या वर्षी तो पदवीधर होतो. त्याच्या वस्तीत त्याची मिरवणूक निघते. यादीच्या लेखी तो विद्यापीठाचा तोटा. म्हणजे हुशार कुलगुरूने काय करावं? आमच्यासारख्यांना दारातच उभं करू नये, नंबर आपोआप वर जाईल.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले. कशासाठी? दिवसभर नोकरी करणाऱ्या पोराला कामाआधी शिकता यावं म्हणून. १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं, आजचं मिलिंद. तेव्हा मराठवाड्यात विद्यापीठ तरी कुठं होतं? त्या कॉलेजातून शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या माणसांनी पुढं दलित साहित्य उभं केलं. तुम्ही-आम्ही आज ही चार ओळींची कविता छापतो ती त्या वाटेनेच आलेली आहे. आजची फूटपट्टी त्या वेळी लावली असती तर मिलिंद कितवं आलं असतं? खेड्यातली, महारवाड्या-मांगवाड्यातली, अर्धपोटी पोरं. उशिरा पास होणारी. परदेशी विद्यार्थी शून्य.

संशोधनाच्या तीस मार्कांबद्दल थोडक्यात. शोधनिबंध मोजायला स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स अशी दोन परदेशी कंपन्यांची खातेवही वापरतात. मराठीतल्या बहुतेक नियतकालिकांना तिथं जागा नाही. कुणी मराठवाड्यातल्या ऊसतोड बायांवर मराठीत दहा वर्षं काम करावं, गावागावातून शाहिरांच्या वह्या गोळा कराव्यात, ते त्या वहीत चढत नाही. माझ्या भाषेत लिहिलेलं ज्ञान मोजलंच जात नसेल तर माझ्या भाषेचं विद्यापीठ वर येणार कसं?

राहिलं लोकमत. दहा मार्क. लोक कोण? विद्वान आणि मालक. इथं मला माझी माय आठवते. दरवर्षी १४ जानेवारीला ती पिशवीत भाकरी बांधून, एस.टी.ने औरंगाबादला जाते. विद्यापीठाच्या गेटसमोर हजारो माणसं जमतात. ती गेटला हात लावून नमस्कार करते, लेण्यांच्या डोंगराकडे बघत भाकरी खाते, परत येते. आत कधी गेली नाही. आत काय शिकवतात ते तिला माहीत नाही. देशातल्या दुसऱ्या कुठल्या युनिव्हर्सिटीच्या गेटला अडाणी माणसं पाया पडायला येतात, मला दाखवा. हे मत कुठल्या रकान्यात भरायचं?

ते गेट फुकट मिळालेलं नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. पोचीराम कांबळे मारला गेला. १९७९ ला नागपुराहून लाँग मार्च निघाला. मग मोर्चे, तुरुंग, आत्मदहनं. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, तेही नामांतर नव्हे, नामविस्तार. सोळा वर्षं. पुढं नागपूरला २००५ साली तुकडोजी महाराजांचं नाव लागलं, पुण्याला २०१४ ला सावित्रीमाईचं, जळगावला २०१८ ला बहिणाबाईंचं, सोलापूरला २०१९ ला अहिल्यादेवींचं. चांगलं झालं. सावित्रीमाईचं नाव लागलं तेव्हा आमच्या वस्तीत निळा गुलाल उधळला होता, मी शाळकरी पोर होतो. कुणाचंही घर जळलं नाही. एवढाच फरक नोंदवून ठेवतो.

आणखी एक नोंद. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाने गळफास घेतला. त्याची फेलोशिप महिनोन्‌महिने थांबलेली होती, होस्टेलमधून काढलेला होता. एप्रिल २०१६ ला ही एन.आय.आर.एफ.ची पहिली यादी निघाली. विद्यापीठांत ते विद्यापीठ देशात चौथं. ते केंद्राचं, आपल्या राज्याचं नव्हे. पण फूटपट्टी तीच. अडीच-तीन महिन्यांपूर्वी ज्या होस्टेलात हे झालं त्याला चौथा नंबर देताना कुणाचाही हात थरथरला नाही, कारण थरथरायला रकानाच नव्हता.

दुसरी एक मोजणी आहे, नॅकची. १९९४ पासून. तिथं नंबर नसतो, श्रेणी असते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं काढलं आणि लाखो पोरांचे निकाल महिनोन्‌महिने लटकले. पोरांची पुढची अ‍ॅडमिशनं गेली. ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना काढलं. त्याच विद्यापीठाला २०२१ साली नॅकने ए प्लस प्लस दिला, चारपैकी ३.६५. त्याच वर्षी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठालाही ए प्लस प्लस, ३.५२. चार वर्षांत मुंबई सुधारली असेल, मी नाही म्हणत नाही. पण शून्य पूर्णांक तेरा शतांशांनी मुंबई कोल्हापूरपेक्षा बरी, हे कुठल्या तराजूवर कळतं? गोदीतला काटा एवढा बारीक नाही. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सी.बी.आय.ने नॅकच्या एका तपासणी समितीतल्या लोकांनाच लाचेच्या आरोपावरून पकडलं. ते आपल्या राज्यातलं प्रकरण नव्हतं, पण काट्यावर बसलेल्या माणसाचा खिसा तपासायची सवय ठेवा.

एवढं सगळं मी बहिणीला फोनवर ऐकवलं. एक तास. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "दादा, तू बोलतोस ते खरं आहे. पण मुलाखतीला तू येणार आहेस का?"

मित्रांनो, मला उत्तर आलं नाही. मी त्या रात्री झोपलो नाही. यादी खोटी आहे हे सिद्ध करून मी जिंकलो असं वाटत होतं. पण नोकरी देणारा ती खोटी यादी खरी मानतो, आणि भोगणार माझी बहीण. रुपयाची नोटही कागदच आहे. तिच्यावर किराणा मिळतो तोवर ती खरी. आपल्यात एक पद्धत पडलीय. एखादी गोष्ट ब्राह्मणी आहे म्हटलं की आपलं काम संपलं. टाळ्या मिळतात. खाली बसतो. पोरगी मात्र उभीच राहते.

आणि दुसरंही कबूल करू. 'आपलं विद्यापीठ' म्हणून आपण त्याला देव्हाऱ्यात बसवलं आहे. १४ जानेवारीला गेटसमोर गटागटाचे स्टेज लागतात. एकाचा लाउडस्पीकर दुसऱ्याचं भाषण गिळतो. त्या स्टेजवरून कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही की आत प्रोफेसरांच्या किती जागा रिकाम्या आहेत, ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं, पोरींच्या होस्टेलात किती जणींना जागा मिळते आणि कितीजणी बाहेर खोली घेऊन राहतात. नाव मिळवायला सोळा वर्षं लढलो आणि नाव मिळाल्यावर आत बघायचं सोडून दिलं. बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबईच्या विधिमंडळात विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना मागासलेल्या वर्गांना विद्यापीठाच्या कारभारात जागा मागितली होती. नुसता प्रवेश नव्हे, कारभार. आपण सिनेटच्या निवडणुकीत पदवीधर मतदार म्हणून नाव तरी नोंदवतो का? मी मॅट्रिक, मला मत नाही. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना आहे. किती जणांनी नोंदवलंय, हात वर करा.

आठ दिवसांनी बहिणीचाच फोन. तिने एक वही केली होती. मध्ये रेघ मारून एका बाजूला पुणे, एका बाजूला औरंगाबाद. दोन्हीकडे शिकणाऱ्या, ओळखीच्या ओळखीतल्या सहा पोरींना तिने फोन केले होते. प्रश्न तिचे तिनेच काढलेले. होस्टेलला जागा पहिल्या महिन्यात मिळते की दिवाळीनंतर. मेसचे किती, आणि महिना चुकला तर ताट बंद करतात का. ग्रंथालयातून घरी पुस्तक किती दिवस. रात्री नऊनंतर परत यायला बस आहे का. आडनाव विचारून झाल्यावर बोलणं बदलतं का. गाइड मिळायला किती दिवस लागतात आणि तो घरची कामं सांगतो का. तक्रार करायची तर कुणाकडे, आणि ज्या पोरीने केली तिचं पुढं काय झालं.

आणि पैसे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती-नवबौद्ध पोरांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. कागदावर वर्षाला मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरात ६०,००० रुपये, औरंगाबादसारख्या शहरात ५१,०००, बाकी जिल्ह्याच्या गावी ४३,०००. बघा, हीपण एक क्रमवारीच आहे, आणि मला विचाराल तर जास्त प्रामाणिक. इथं निदान भाड्याचा विचार केलाय. बहिणीने हिशेब घातला. पुण्यात कॉट बेसिसवर खोली, मेस, बस, झेरॉक्स. साठ हजार आठव्या महिन्यात संपतात. औरंगाबादला एक्कावन्न हजार दहाव्या महिन्यापर्यंत ओढता येतात, आणि घर जवळ, माय एस.टी.ने डबा पाठवू शकते. पण खरा प्रश्न ते पैसे किती मिळतात हा नाही, केव्हा मिळतात हा आहे. तिच्या बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती ती तिसऱ्या वर्षाची परीक्षा देत होती तेव्हा आली. मधलं वर्ष मायने उसन्यावर काढलं. शेकडा तीन महिन्याला. ते व्याज कुठल्याच योजनेत परत मिळत नाही.

वहीतल्या उत्तरांनी माझा अभिमान दोन्ही बाजूंनी झोडपला. पुण्याला सगळंच वाईट असं मी धरून चाललो होतो, तसं नाही. एका विभागातल्या बाई पोरींना स्वतःच्या घरी बसवून प्रबंध लिहून घेतात, आडनाव न विचारता. आणि आपल्या माणसांच्या गर्दीतही एका पोरीला आपल्याच एका साहेबाने चार महिने सहीसाठी फिरवलं. कुठलं कुणाचं ते आत्ता छापत नाही. सहा पोरींच्या बोलण्यावर विद्यापीठाचा नंबर लावला तर माझ्यात आणि त्या यादीवाल्यात फरक काय? पण सहाच्या जागी सहाशे झाल्या तर?

म्हणून हे ठरवलंय. पुढचा अंक कवितेचा नसेल. राज्यातल्या सगळ्या सरकारी विद्यापीठांतून, त्यांच्या कॉलेजांतून, नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांतूनसुद्धा उत्तरं गोळा करायची. मुक्त मुद्दाम म्हणतोय. १९८९ पासून त्या विद्यापीठाने कामगार, कंडक्टर, घरकाम करणाऱ्या बाया यांना पदवीपर्यंत नेलं. कित्येक वर्षं तिथं बारावी नसलेल्यालाही पूर्वतयारीची परीक्षा देऊन बी.ए.ला बसता येत होतं. त्याला 'खरं विद्यापीठ' न समजणारे आपल्यातही आहेत. त्यांनी आपली लाज पहिली पाठवावी.

प्रश्न बहिणीच्या वहीतले घेतले आहेत, वर दिलेलेच. त्यात मी तीन घातलेत. शिष्यवृत्ती कुठल्या महिन्यात जमा झाली, तारीख लिहा. तुमच्या विभागात कायम शिक्षक किती आणि तासावरचे किती, डोकी मोजून लिहा. आणि तुमच्या वर्गातून मध्येच कोण गळालं, का गळालं, आज काय करतो. नाव नको, काम लिहा. ही शेवटची मोजणी कुठलीच यादी करत नाही. गोदीतला टॅली क्लार्कसुद्धा फाटून सांडलेल्या पोत्यांचा आकडा वेगळा लिहितो. विद्यापीठं लिहीत नाहीत.

फार साहित्यिक लिहू नका. सूर्य नको, ज्वालामुखी नको. तारीख, रुपये, महिना. पोस्टकार्डावर मावेल एवढं. खोटं लिहून आपल्या विद्यापीठाला वर चढवणाऱ्याची कविता आयुष्यभर छापणार नाही, हे संपादक म्हणून सांगतो.

बहिणीने दोन्हीकडे फॉर्म भरलेत. मी विचारलं, शेवटी कुठं? म्हणाली, "जिथं होस्टेल आधी लागेल तिथं." हा मजकूर छापखान्यात जाईपर्यंत दोन्हीकडची होस्टेलची यादी लागलेली नाही. डिपॉझिटसाठी टोळीतल्या अकरा जणांनी एकेका पाळीचे पैसे काढून ठेवलेत. मुकादमाने दोन पाळ्यांचे दिले, आणि विचारलं, "पोरगी कितवीला आहे?" मी म्हटलं, "सोळावीला." त्याने बोटं मोजून बघितली.

उत्तरं महिनाअखेरपर्यंत पोचली पाहिजेत. अंकाची वर्गणी थकलेल्यांनी तीही त्याच पाकिटात घालावी.